वालजीभाई पिठवा आणि शेपटीवाला शनी

सावरकुंडल्याच्या वालजीभाई पिठवांना वाकडं म्हणून काही खपत नसे. तुमच्या-माझ्या घरी भिंतीवरचा फोटो कललेला असतो आणि आपण त्याच्याखाली बसून जन्मभर चहा पितो. वालजीभाई उंबऱ्यात चपला काढता काढताच म्हणायचे, "डावीकडनं दोन सूत खाली आहे," आणि यजमानाने "या, बसा" म्हणायच्या आत स्टुलावर चढलेले असायचे. भाच्याच्या लग्नात मांडवाचा खांब ओळंब्यात नाही म्हणून त्यांनी ऐन फेऱ्यांच्या वेळी गोरमहाराजांना थांबवलं होतं. तरुणपणी मुलगी बघायला गेले, तेव्हा परतीच्या वाटेवर वडिलांनी विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाले, "बरी आहे. पण त्यांच्या पाण्याच्या हंड्यांची फळी एका अंगाला उतरलीय." ती मुलगी म्हणजे रळियातबेन. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तरी आलेल्या पाहुण्याला हे सांगितल्याशिवाय त्या ताकाचा पेला हातात देत नाहीत. "मला बघायला आले होते की फळीला, रामजाणे!"

खरं तर हा दोष माणसाचा नव्हे, धंद्याचा. सावरकुंडला हे काठियावाडातलं तराजूंचं गाव. पिठवांच्या तीन पिढ्या दांडी घडवण्यात, पारडी ठोकण्यात आणि मधला काटा नाकासमोर उभा करण्यात गेल्या. वालजीभाई दांडी नुसती दोन बोटांवर तोलून सांगायचे, "उजव्या टोकाला कानशीचा एक हात मार." वजन करून बघावं, तर खरंच तेवढंच जास्त निघायचं. पुढे बॅटरीवरचे काटे आले, दुकानदार पारड्यांऐवजी लाल आकडे बघायला लागले आणि पिठवांचा भाता थंडावला. मुलगा सुरतेला हिऱ्यांच्या कामावर गेला. वालजीभाई साठीत रिकामे झाले. आणि रिकामे वालजीभाई म्हणजे साऱ्या गल्लीच्या डोक्याला ताप. सहा महिन्यांत त्यांनी शेजारपाजारची चौदा दारं, दोन पाळणे आणि देवळातली घंटा न विचारता सरळ करून टाकली.

अशा वेळी अमरेलीच्या एका शाळेने प्रयोगशाळेसाठी एक तराजू मागवला. तो पोचवायला वालजीभाई स्वतः गेले. संध्याकाळ झाली होती. विज्ञान शिकवणाऱ्या हर्षिदाबेन मैदानात मुलींना दुर्बिणीतून शनी दाखवत होत्या. त्या म्हणाल्या, "बापा, आलात तसे बघून जा."

वालजीभाईंनी डोळा लावला. तो बराच वेळ काढलाच नाही. मग मान वर करून अगदी हळू आवाजात विचारलं, "हे गोल कडं कुणी खरादलं?"

"वरच्याने, बापा."

"कारागीर चांगला आहे," वालजीभाई म्हणाले. हे प्रशस्तिपत्रक त्यांनी स्वतःच्या वडिलांनाही दिलं नव्हतं.

घरी आले ते दुर्बीण करायचं ठरवूनच. कोलकात्याहून आठ इंची आरसा पार्सलने मागवला. रळियातबेनना आधी वाटलं न्हाणीघरासाठी आहे. त्या बघायला गेल्या, तर जवळून तोंड परातीएवढं दिसे आणि लांब गेलं की खाली डोकं वर पाय. "असल्या आरशात बघून केस विंचरले तर भांग हनुवटीवर पडेल," म्हणून त्यांनी तो नवऱ्याला परत केला. वालजीभाईंनी पत्रा वळवून नऊ इंच रुंदीचं नळकांडं केलं. तळाशी मोठा आरसा तीन स्क्रूंवर बसवला. वरच्या तोंडाशी अंगठ्याएवढ्या दांडीवर छोटा तिरका आरसा टांगला, म्हणजे मोठ्याने गोळा केलेला उजेड त्याने बाजूच्या भोकातून डोळ्याच्या भिंगात लोटायचा. लाकडी बैठक केली. रंग दिला. आणि गेल्या वर्षीच्या शरद पुनवेला, सगळी गल्ली चांदण्यात दूध-पोहे खायला गच्चीवर जमलेली असताना, मोठ्या थाटात शनी लावला.

त्या रात्रीबद्दल थोडक्यात सांगितलेलं बरं. शनीला कडं नव्हतं. शेपूट होतं. एका बाजूला फिसकटलेला, पिवळट, ओल्या चण्यासारखा काहीतरी प्रकार. लोक भले. "छान आहे हां, बापा," म्हणत पुढे सरकत होते. पण समोरच्या फरसाणाच्या दुकानाचे प्रागजीभाई हे भलेपणासाठी प्रसिद्ध नव्हते.

"वालजीभाई," ते नळकांड्यावरून हात फिरवत म्हणाले, "शनी तर माझ्या गाठियासारखाच दिसतो. तळताना तुटलेला. पण पाइप झकास झालाय हो! माझ्या भट्टीचं धुराडं सडलंय. विकायचा असेल तर सांगा."

गच्ची हसली. आणि वालजीभाई, ज्यांच्या काट्यात आजवर कुणाला खोट सापडली नव्हती, ते ताडकन उभे राहिले. "पुढच्या शरद पुनवेला याच गच्चीवर कडं दाखवलं नाही, तर हे नळकांडं फुकट तुझ्या भट्टीवर. मी स्वतः येऊन बसवीन!"

काठियावाडात माणूस एक वेळ जमीन परत मागेल, शब्द मागत नाही. झालं. वर्ष सुरू झालं.

आरशांच्या दुर्बिणीत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. दोन आरसे एकमेकांशी नीट बोलत नाहीत, एवढाच काय तो रोग. त्यांची तोंडं जुळवायची. वालजीभाईंनी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या डबीला बुडाशी बारीक भोक पाडलं, डोळ्याच्या भिंगाऐवजी ती डबी बसवली, आणि रोज दुपारी नळकांडं बाजेवर आडवं घालून भोकातून आत बघायला लागले. आत वर्तुळात वर्तुळ दिसे. बाहेर छोट्या आरशाची कड, तिच्यात मोठ्या आरशाचं प्रतिबिंब, आणि त्याच्यात पुन्हा छोट्या आरशाची काळी सावली. वालजीभाई तळाचे स्क्रू फिरवून ती सगळी वर्तुळं एकाच्या पोटात एक, अशी अगदी मधोमध आणत. कांद्याची चकतीसुद्धा इतकी नीट नसते. आणि संध्याकाळी ताऱ्यावर लावून बघावं, तर शेपूट हजर!

त्यांनी कोलकात्याला दोष दिला. वाऱ्याला दिला. प्रागजीभाईंच्या भट्टीला दिला, आणि त्यात तथ्यही होतं, कारण तिच्या गरम हवेतून बघितलं की तारा कढईत टाकल्यासारखा उकळायचा. पण उकळणं वेगळं आणि शेपूट वेगळं. शेवटी त्यांनी हर्षिदाबेनना पत्र लिहिलं.

हर्षिदाबेननी दोन पानी उत्तर पाठवलं, सोबत सुबक आकृती. मोठ्या आरशाच्या बरोबर मध्यावर एक खूण चिकटवा, डबीचं भोक त्या खुणेत आणा, बस्स. आकृतीत खूण मधोमध होती, पण काळी सावली मात्र किंचित एका अंगाला सरकलेली होती. वालजीभाईंनी आकृती पाहिली आणि त्यांना बिचाऱ्या बाईंची कीव आली. त्यांनी कंपास काढला, लाल पेन्सिलीने सावली मधोमध केली आणि तो कागद परत टपालाने पाठवला. खाली लिहिलं, 'बेन, घाईत चूक झालेली दिसते. दुरुस्त केली आहे. मुलींना शिकवण्यापूर्वी बघून घ्यावे.'

हर्षिदाबेनचा फोन आला. "बापा, ती चूक नाही. तसंच असतं."

"असू दे, असू दे, बेन," वालजीभाई मायेने म्हणाले. "आमच्याकडनं पण कधीकधी दांडी सटकायची."

खूण मात्र त्यांनी चिकटवली. रळियातबेनच्या टिकल्यांच्या पाकिटातला सगळ्यात मोठा लाल चांदला घेतला आणि त्याला मधोमध भोक पाडलं. आरसा काढून नवजात पोराला घालावी तशी अंघोळ घातली, चारदा मोजून मध्य काढला आणि श्वास रोखून चांदला लावला.

"आता शनीच्या कपाळावर माझा चांदला दिसणार का?" रळियातबेननी विचारलं.

"नाही गं. आरशाच्या मधल्या भागावर छोट्याची सावलीच असते. तिथे कोंबडं बसलं तरी वर कळायचं नाही."

आणि इथून खरा घोळ सुरू झाला. आता आत साक्षीदार दोन झाले. डबीचं भोक चांदल्यात आणलं, की काळी सावली एका बाजूला जाई. सावली मधोमध आणली, की चांदला निसटे. चांदल्याचं ऐकावं, तर डोळ्याला खुपतं. डोळ्याचं ऐकावं, तर शेपूट. वालजीभाईंनी चांदला पुन्हा मोजला. बरोबर होता. तरी रोज दुपारी ते चांदल्याने सुरुवात करत, आणि शेवटी न राहवून पाव फेरा देऊन सावली मध्ये आणूनच उठत.

शरद पुनव उजाडली. त्यांची थोरली बहीण झवेरबेन राजुल्याहून सकाळच्या एसटीने आली, हातात तेलाची बाटली घेऊन. "वाल्या, तू शनीला घरी बोलावतोस, निदान आदरातिथ्य तरी नीट करू दे," म्हणून तिने बाटली देव्हाऱ्याशी ठेवली आणि पोहे निवडायला बसली.

दुपारी वालजीभाईंनी रळियातबेनना गच्चीवर हाक मारली. अडचण अशी, की डोळा नळकांड्याच्या एका टोकाला आणि स्क्रू दुसऱ्या टोकाला. हात काही साडेतीन फूट पुरत नाही. आजवर एकदा बघ, एकदा पळ असं चाललं होतं. आज धीर नव्हता.

"मागचा आवळ थोडा," डबीला डोळा लावून वालजीभाई म्हणाले.

"मागचा म्हणजे कुठला? सगळे मागेच आहेत."

"उजवा."

"माझा उजवा की तुमचा?"

"आरशाचा उजवा!"

"आरशालाही उजवं-डावं असतं, हे बेचाळीस वर्षांत नाही बोललात कधी."

"थांब! फार झालं. अर्धं सोड. अर्ध्याचं अर्धं. हां... हां... हातच लावू नकोस आता."

"काय झालं?"

"चांदल्यात भोक आलं. बरोब्बर."

"मग उतरते मी. दूध तापायचंय."

"कसलं उतरते? सावली बघ कुठे गेलीय! डावा सोड जरा."

रळियातबेननी स्क्रू सोडला नाही. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या, पुढे आल्या आणि नवऱ्याला खांद्याने बाजूला सारून पहिल्यांदाच डबीतून आत बघितलं. "चांदला मध्ये आहे. काळं जरा खाली सरकलंय."

"जरा? चांगलं दीड सूत आहे!"

"एक विचारू? तो महुव्याचा कापूसवाला आला होता ना भांडायला, तुमचा काटा खोटा म्हणून? म्हणे एक पारडं खाली दिसतं. काय सांगितलंत त्याला?"

"ते वेगळं."

"काय सांगितलंत?"

"पारड्याकडे काय बघतोस, काट्याकडे बघ, असं सांगितलं."

"का?"

"का म्हणजे? पारडं तू जिथनं बघशील तिथनं वेगळं दिसतं. जवळचं मोठं, लांबचं लहान. तिरकं उभं राहिलास तर वरखाली दिसणारच! काटा एका जागी..." वालजीभाई बोलता बोलता थांबले.

"दूध उतू जाईल," म्हणून रळियातबेन जिना उतरून गेल्या.

वालजीभाई बाजेवर बसून राहिले. छोटा आरसा तिरका. एक कड डोळ्याजवळ, एक लांब. जवळची मोठी दिसणार, लांबची लहान. मग सावली मध्ये दिसेल कशी? आणि ती मध्ये दिसावी म्हणून वर्षभर आपण चांगला काटा वाकवतोय, त्या कापूसवाल्यासारखं पारडं बघून! त्यांनी पुन्हा डबीतून बघितलं. पटलं होतं. तरी ती सरकलेली सावली बघून हाताला अशी काही खाज सुटली, की ते पेचकस घेऊन धावतच स्वयंपाकघरात गेले.

"हे लपव. मी मागितला तरी देऊ नकोस."

रळियातबेननी पेचकस बाजरीच्या पिठाच्या डब्यात खुपसला. चार वाजता वालजीभाई आले. "एक मिनिट दे. फक्त हातात धरतो." मिळाला नाही. पाच वाजता आले. "बैठकीचा खिळा सैल झालाय." मिळाला नाही. सहा वाजता झवेरबेनला मध्यस्थ घातलं. ती म्हणाली, "वाल्या, आपला बापूस विडी सोडताना अस्साच करायचा."

चंद्र वर आला. पातेल्यावर पातळ फडकं बांधून दूध-पोहे चांदण्यात ठेवले गेले. गल्ली गच्चीवर आली, त्यात प्रागजीभाई मोजायची पट्टी घेऊन. त्यांनी सगळ्यांदेखत नळकांड्याच्या तोंडाची रुंदी मोजली. "नऊ इंच. अगदी हवा तसा. वालजीभाई, उद्या सकाळी याल की परवा? भट्टी विझवून ठेवावी लागेल."

वालजीभाईंनी पट्टी बाजूला सारली. त्यांनी नळकांडं दक्षिणेकडे वळवलं, शनी पकडला आणि भिंग लावलं. भिंग पुढेमागे करायचं चाक पुरतं बाहेर फिरवलेलं होतं, म्हणून आत शनीऐवजी उजेडाची एक धूसर चकती दिसली, मध्ये काळं भोक. गेलं वर्षभर ते भोक चकतीच्या एका कडेला दाबलेलं असायचं. आज ते मधोमध होतं. सावली वाकडी ठेवली आणि भोक सरळ झालं! वालजीभाईंना एकाएकी चाक फिरवायची हिंमत होईना. ते बाजूला झाले.

"प्रागजी, तू ये. धुराडं तुझं आहे. हे चाक हळूहळू आत घे, तूच."

"मीच? बरं." प्रागजीभाईंनी एक डोळा मिटला. "काही नाही दिसत. धूर दिसतोय. शेपूट कुठे गेलं, निदान शेपूट तरी... लहान होतंय... अजून लहान... आता जरा..."

आणि प्रागजीभाई गप्प झाले.

गल्लीला हे नवीन होतं. तळताना, तोलताना, देवळात, प्रेतयात्रेत, प्रागजीभाई गप्प झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बायकांनी पोह्यांवरचा चमचा थांबवला. प्रागजीभाईंनी डोळा काढला, वालजीभाईंकडे संशयाने बघितलं आणि गेले ते थेट नळकांड्याच्या पुढच्या तोंडाशी. वाकून आत बघायला लागले.

"काय शोधतोस?"

"कागद. चित्र चिकटवलंयत आत! इतकं नीटनेटकं खरं असतं होय?"

"चिकटवलेलं हलतं का? बघ पुन्हा."

प्रागजीभाईंनी पुन्हा डोळा लावला. "सरकतोय! अरे, सरकतोय! गेला! वालजीभाई, पळाला तो!"

"तो नाही पळाला. आपण फिरतोय. नळकांडं केसभर ढकल, परत येईल."

"आला! कड्यासकट आला!" आणि ते एवढ्या मोठ्याने ओरडले, की खालच्या गल्लीतून दोन माणसं भांडण समजून वर आली.

मग रांग लागली. ज्याने बघितलं तो हसत बाजूला होई आणि मुकाट्याने पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राही. झवेरबेन मात्र शनीकडे पाठ करून बसली होती. त्याची नजर पडू नये म्हणून. "तो आपल्याकडे बघत नाही, मोटीबेन, आपण त्याच्याकडे बघतो," असं वालजीभाईंनी दहादा सांगितलं, तेव्हा ती पदर डोक्यावर घेऊन, तेलाची बाटली काखेत धरून उठली. बघितलं. पदर खाली घसरला.

"एवढासाच?" ती म्हणाली. "या चिमणीच्या अंड्याएवढ्याला मी सत्तर वर्षं तेल घालतेय? अरे बाळा, गोंडस आहेस की रे!" आणि तिने बाटली उचलून प्रागजीभाईंच्या हातात दिली. "घ्या, भट्टीत घाला. यात मूठभर गाठिया होतील."

"भट्टी!" प्रागजीभाईंनी कपाळावर हात मारला. पट्टी खिशात कोंबून ते जिना उतरले. लोकांना वाटलं, पैज हरल्याच्या लाजेने गेले. पण थोड्या वेळाने समोरच्या धुराड्यातून निघणारा धूर थांबला, आणि प्रागजीभाई तळलेला सगळा माल परातीत घेऊन वर आले. "विझवली. मघाशी माझ्या धुरानं थरथरत होता तो. आता बघा, भट्टी गार पडली की दगडासारखा स्थिर होईल. आणि गाठिया खा, वालजीभाईंच्या शनीच्या नावाने!" ऐन पुनवेच्या संध्याकाळी, गिऱ्हाईक दारात असताना प्रागजीभाईंनी भट्टी विझवली, हे पुढे कितीतरी दिवस शनीपेक्षा जास्त बोललं गेलं.

या सगळ्यात वालजीभाईंनी स्वतः अजून काहीच बघितलं नव्हतं. रांगेत कुणी त्यांना पुढे घेईना. "बापा, तुमचंच तर आहे, तुम्ही रोज बघाल," म्हणत लोक त्यांना मागे ढकलत. शेवटी एकच माणूस पुढे उरलं. रळियातबेन. पोहे वाटून, हात पुसून त्या आत्ता कुठे आल्या होत्या.

त्यांनी डोळा लावला. शनी कडेला सरकत आला, तसं कुणी न शिकवता त्यांनी दोन बोटांनी नळकांडं केसभर ढकललं आणि त्याला परत मध्ये आणलं. पुन्हा सरकला, पुन्हा आणला.

"दिसतोय?" वालजीभाईंनी मागून विचारलं.

"हं."

"कडं?"

"हं."

"आणि कड्यात नि गोळ्यात मधे काळी फट? दोन्ही बाजूंना सारखी आहे का?"

"थांबा हो जरा."

"मी अजून बघितला नाहीये, रळियात."

"हो का?" डोळा न काढता त्या म्हणाल्या, आणि दोन बोटांनी नळकांडं पुन्हा थोडं पुढे नेलं. "प्रागजीभाई, यांना तोवर पोहे द्या."

प्रागजीभाईंनी वाटी आणून हातात दिली. वालजीभाई गार दूध-पोहे खात बायकोच्या मागे आपला नंबर लागायची वाट बघत उभे राहिले. त्यांच्या मागे पुन्हा रांग धरू लागली होती.